इमल्सिफायर काढून टाकल्यावर: खाडीकाठच्या एका कोकम क्रीमचं प्रकरण

मे महिन्याच्या मध्यावर सिंधुदुर्गातल्या एका महिला बचत गटाकडे त्यांच्याच पायाच्या क्रीमचे डबे परत यायला लागले. काही पुण्या-मुंबईहून कुरिअरने आले, काही मालवणच्या होमस्टेवाल्यांनी हातोहात परत दिले. डबा उघडला की वर पिवळसर तेलाचा थर, त्याखाली रवाळ, मेणचट गोळा आणि गोळा चमच्याने सरकवला की तळाशी पाणी. काही डब्यांच्या झाकणाला आतून काळपट हिरवे ठिपके धरलेले. एका ग्राहक ताईंनी फोटो पाठवला होता. टाचेच्या भेगेभोवती लाल पुरळ आणि मध्ये दोन पिवळ्या पुटकुळ्या. त्यांनी क्रीम लावणं थांबवलं, डॉक्टरांना दाखवलं आणि पुरळ बसलं. पण तो फोटो बघून गटातल्या बायका घाबरल्या, आणि घाबरायलाच हवं होतं.

मी जिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. गटातल्या एका वहिनींची मुलगी आमची विद्यार्थिनी, त्या ओळखीने हे डबे माझ्यापर्यंत आले. गटाच्या परवानगीने हे लिहिते आहे. गावाचं आणि गटाचं नाव देत नाही. लिहिण्याचं कारण एवढंच की या गटाने जो बदल केला तोच बदल आज कोकणात आणि घाटावर अनेक छोटे उत्पादक करत आहेत, तोही ग्राहकाच्या आग्रहावरून आणि चांगल्या हेतूने.

मूळ कृती आणि तिच्यातला बदल

गटाची मूळ कृती साधी आणि बरी होती. कोकमतेल, खोबरेल, गाळलेला कोरफडीचा गर, पाणी, तेल-पाणी एकजीव धरून ठेवणारा इमल्सिफायर म्हणून इमल्सिफाइंग वॅक्स, आणि जंतू वाढू नयेत म्हणून फिनॉक्सिएथेनॉलवर आधारलेलं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह). कोकमतेल त्या घरीच काढतात. कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर आलेलं तेल काढून घ्यायचं. ते थिजलं की हाताने वळून गोळे करायचे. टाचांच्या भेगांना हा गोळा शेगडीवर जरासा तापवून लावायची पद्धत तळकोकणात घरोघरी आहे. क्रीमची कल्पना त्यातूनच निघाली: शहरातल्या बाईला शेगडी कुठली, तिला बोटाने घेऊन लावता आलं पाहिजे.

दिवाळीनंतर एका ग्राहक बाईंचा निरोप आला. क्रीममध्ये इमल्सिफायर असेल तर नको, तो आतड्यांना आणि त्वचेला वाईट असतो असं वाचलंय, 'नॅचरल' करून द्याल का? मग आणखी दोघींनी तेच विचारलं. गटाने बैठक घेतली आणि इमल्सिफाइंग वॅक्स काढून त्याऐवजी तेवढंच मधमाशांचं मेण घातलं. परिरक्षकही काढलं आणि 'टिकण्यासाठी' ई जीवनसत्त्वाचे थेंब घातले. हँड ब्लेंडरने घुसळलं, तर क्रीम पांढरं, घट्ट, आधीच्यापेक्षाही देखणं झालं. लेबलावर 'इमल्सिफायरमुक्त' छापलं. जानेवारी-फेब्रुवारीत गेलेल्या मालाची एकही तक्रार आली नाही.

गटातल्या सगळ्यात थोरल्या काकी मला म्हणाल्या, "मॅडम, ह्याच हातांनी जानेवारीत केलला. तेव्हा कायेक झाला नाय." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं आणि या प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

तेल-पाण्याला धरून कोण ठेवतं

नारळाचा रस काढताना हे सगळं रोज आपल्या डोळ्यांसमोर घडतं. रस पांढरा दिसतो, कारण त्यात खोबरेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात, आणि हे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत कारण प्रत्येकाभोवती नारळातल्याच प्रथिनांचं आणि फॉस्फोलिपिडांचं वेष्टन असतं. रस ठेवून दिला की घट्ट भाग वर येतो. ढवळला की पुन्हा एकजीव. पण तोच रस जोरात उकळला की प्रथिनं गोठतात, वेष्टनं फाटतात, थेंब एकत्र येतात आणि तेल सुटतं. आता कितीही ढवळा, परत रस होत नाही.

या दोन अवस्थांमधला फरक क्रीमच्या तक्रारीत फार महत्त्वाचा असतो. वर साय धरली असेल तर थेंब अजून शाबूत आहेत. थेंब लहान केले किंवा मिश्रण दाट केलं तर भागतं. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्रिज्या निम्मी केली की वेग एक चतुर्थांश होतो. तेल सुटलं असेल तर मात्र वेष्टनच उरलेलं नाही. परत आलेल्या डब्यांत तेल सुटलं होतं.

क्रीममध्ये हे वेष्टन इमल्सिफायर देतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. त्यामुळे तो दोघांच्या सीमेवरच जाऊन बसतो, सीमेवरचा ताण कमी करतो आणि थेंबाला थेंब चिकटू देत नाही. कुठलं टोक वरचढ आहे यावर ठरतं की पाण्यात तेलाचे थेंब होणार की तेलात पाण्याचे. बँक्रॉफ्टने १९१३च्या सुमारास मांडलेला नियम आजही लागू पडतो: इमल्सिफायर ज्यात अधिक विरघळतो तो द्रव बाहेरचा होतो, दुसरा थेंबांचा.

१९४९ साली ग्रिफिनने यासाठी आकडा दिला, त्याला एचएलबी म्हणतात. साधारण ० ते २० अशी ही मोजपट्टी आहे. ३ ते ६च्या आसपासचे इमल्सिफायर तेलात पाणी धरतात, ८च्या वरचे पाण्यात तेल धरतात. सॉर्बिटन स्टिअरेट ४.७वर आहे, पॉलिसॉर्बेट ६० हा १४.९वर. दोघांचं मिश्रण १०वर आणायचं असेल तर पॉलिसॉर्बेट सुमारे ५२ टक्के आणि सॉर्बिटन ४८ टक्के लागतं. म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये एकूण ५ ग्रॅम इमल्सिफायर घालायचा तर २.६ आणि २.४ ग्रॅम. गटातल्या हिशेब ठेवणाऱ्या वहिनींनी हे गणित माझ्या आधी सोडवलं. मसाल्याचं प्रमाण बसवणाऱ्या बाईला एचएलबीचं गणित अवघड जात नाही, हे मी वर्गातल्या मुलांनाही सांगते.

मेण एकटं का पुरलं नाही

मेण इमल्सिफायर आहे, हा समज फार पसरलेला आहे. मेणात मुख्यत्वे एस्टर असतात, थोडी हायड्रोकार्बनं आणि १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास मोकळी मेदाम्लं. या मेदाम्लांना अल्कली मिळाली तर त्यांचा साबण होतो आणि तो साबण इमल्सिफायरचं काम करतो. अल्कली नसेल तर मेण फक्त तेल घट्ट करतं.

मग जानेवारीत क्रीम एकजीव कसं दिसलं? एक जपून ठेवलेला जानेवारीचा डबा गटाकडे होता. त्यातलं खसखशीएवढं क्रीम काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि वहिनींना बघायला बोलावलं. चांगल्या क्रीममध्ये गोल, जवळपास सारखे, काही मायक्रोमीटरचे थेंब दिसतात. इथे चरबीचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतलेले होते आणि त्यांच्या मधल्या फटींत पाणी अडकून बसलं होतं, कुठे लांबट, कुठे फाटक्या कडांचं. काचपट्टीला खालून थोडी ऊब दिली. स्फटिक विरघळायला लागले तशी पाण्याची ती डबकी एकमेकांकडे सरकली आणि बघता बघता एक झाली. वहिनी बराच वेळ भिंगावरून डोळा काढेनात.

कोकमतेल ३८ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. खोबरेल तर २४-२५ अंशांनाच. थंडीच्या दिवसांत क्रीमला जे धरून ठेवत होतं ते थिजलेल्या चरबीचं जाळं होतं. मेमध्ये पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेम्पोत पार्सल पडलं की तापमान ४० अंशांवर सहज जातं. मेण ६० अंशांच्या पुढे वितळत असलं तरी त्याचं प्रमाण एवढं नव्हतं की एकट्याने पाणी अडवून ठेवेल. जाळं सैल झालं, पाणी तळाला गेलं. रात्री गारवा आल्यावर वरची चरबी पुन्हा थिजली, पण हळूहळू, म्हणून ती रवाळ झाली.

'पूर्वी तर मेण, तेल आणि गुलाबपाणी एवढ्यावरच कोल्ड क्रीम करत' असं कुणी सांगतं, तेही खरं आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलेनच्या नावावर ती कृती सांगतात. त्यातलं पाणी नीट बांधलेलं नसतं, त्वचेवर चोळताच सुटतं, उडून जातं आणि गार वाटतं. पण ते करून लगेच वापरायचं क्रीम. कणकवलीहून कुरिअरने पाठवून तीन महिने बाथरूमच्या फळीवर ठेवायचं नव्हे.

आता पुरळाकडे येऊ, कारण खरा धोका तिथे होता. इमल्सिफायर नसल्याने पाणी सुटं झालं. त्या पाण्यात कोरफडीच्या शर्करा होत्या, परिरक्षक नव्हतं. डब्यात बोट घातलं जात होतं, अनेकदा ओलं, कारण पायाचं क्रीम माणूस पाय धुऊनच लावतो. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्याला अटकाव करतं, जंतूंना काहीही करत नाही. परत आलेल्या डब्यातलं तळचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर पसरलं, तर वसाहती इतक्या दाट आल्या की मोजता येईनात. भारतीय मानक आयएस ६६०८ प्रमाणे त्वचेच्या क्रीममध्ये एका ग्रॅमला १,०००पेक्षा जास्त जिवंत जंतू चालत नाहीत. त्या ताईंचं पुरळ नेमकं यामुळेच आलं असं सिद्ध करता येणार नाही, कारण त्यांच्या पुटकुळीतल्या पुवाची तपासणी झालीच नव्हती. पण उघड्या भेगेत असं पाणी जाणं वाईट, हे सांगायला तपासणी लागत नाही.

टाकणखाराचा प्रयोग

माझी तपासणी चालू असताना गटातल्या एका उत्साही मुलीने मोबाइलवर पाहून मेणाबरोबर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स हे बोरॉनचं संयुग, वापरून पाहिला. आणि क्रीम खरंच जमलं. टाकणखार अल्कधर्मी, त्याने मेणातल्या मेदाम्लांचा साबण केला, आणि साबणाने पाणी धरलं. ४५ अंशांच्या पेटीत ठेवूनही दोन दिवस काही सुटलं नाही. गटात आनंद झाला. मेणही निसर्गाचं, टाकणखारही खनिज, मग लेबल तसंच ठेवायला हरकत काय?

मग रंगासाठी आणि 'कोकमाचे गुण' यावेत म्हणून त्यांनी त्यात बिनमिठाचं कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट आंबट रस, घातलं. वाटीत घालताना ते गर्द लाल होतं. क्रीममध्ये पडताच कडेने जांभळं झालं, मग निळसर, आणि ढवळल्यावर सगळं क्रीम पावसाळी आभाळाच्या करड्या रंगाचं. काकींनी चमचा खाली ठेवला. आगळ घालत गेल्यावर करडेपणा जाऊन गुलाबी छटा आली, पण तोवर क्रीम दाणेदार होऊन वाटीच्या कडेला पाणी जमलं होतं.

दोन्ही गोष्टींचं कारण एकच. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनांचा. ते आम्लात लाल असतात, अल्कलीत निळे-करडे होतात. म्हणजे रंग गेला तेव्हा क्रीम अल्कधर्मी होतं. आगळातल्या आम्लाने अल्कली संपवली तेव्हा रंग परत आला, पण त्याच क्षणी साबणाचं पुन्हा मेदाम्ल झालं आणि इमल्सिफायर नाहीसा झाला. साबणावर उभं असलेलं कुठलंही क्रीम आम्ल सहन करत नाही. लिंबू, आगळ, दही, काहीही नाही. ते खारं पाणीही सोसत नाही. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतात. मचूळ पाण्यात कपड्याच्या साबणाला फेस येत नाही तो यामुळेच. या गटाचं पाणीही विहिरीचंच होतं.

त्यापेक्षा मोठा आक्षेप टाकणखाराबद्दलच आहे. काकी म्हणाल्या, "टाकणखार तर आमी पोरांच्या जिभेक लावतव, ता कसला केमिकल?" मी त्यांना तिथेच, स्पष्ट सांगितलं की पोरांच्या जिभेला तो लावू नका. बोरॉनची संयुगं तान्ह्या बाळांना विषारी ठरली आहेत. प्रजननावरच्या परिणामांमुळे युरोपीय संघाने बोरेटांना प्रसाधनांच्या बंदी यादीत घातलं आहे. म्हणजे ज्या इमल्सिफायरला घाबरून बाहेर काढलं त्याच्या जागी त्याहून अधिक शंकास्पद वस्तू आली होती, आणि ती ओळखीची म्हणून कुणालाच खटकली नव्हती.

भीती कुठून आली, आणि तिच्यात तथ्य किती

ग्राहक बाईंची भीती हवेतून आलेली नाही. २०१५ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. उंदरांना पाण्यातून पॉलिसॉर्बेट ८० किंवा कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज पाजलं, तर त्यांच्या आतड्यातला श्लेष्माचा थर आणि तिथले जीवाणू बिघडले, सौम्य दाह झाला. खाद्यपदार्थांतल्या इमल्सिफायरांवर त्यानंतर बरंच काम चाललं आहे आणि ते गांभीर्याने घेण्यासारखं आहे. पण तो प्रश्न गिळलेल्या इमल्सिफायरचा, तोही रोज, आतड्यात. टाचेच्या जाड कातडीवर लावलेल्या क्रीमला तो निष्कर्ष चिकटवता येत नाही.

त्वचेचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते इमल्सिफायरागणिक बदलतात. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचं लिंपण असतं. जो रेणू क्रीममध्ये तेल आणि पाणी जुळवतो तो या लिंपणातही घुसू शकतो. किती घुसतो, हे त्याच्या जातीवर अवलंबून. सोडियम लॉरिल सल्फेट त्यात सर्वांत बदनाम आणि ते रास्त आहे. त्वचेचा दाह अभ्यासायचा असेल तर संशोधक मुद्दाम तोच लावतात. ब्रिटनमध्ये 'अ‍ॅक्वियस क्रीम' वर्षानुवर्षं इसबाच्या रुग्णांना दिलं जात होतं. त्यात हा सल्फेट असतो. २०१३ साली तिथल्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला की त्याने, विशेषतः इसब असलेल्या मुलांना, जळजळ आणि पुरळ होऊ शकतं.

इथे एक व्यावहारिक गोष्ट आहे जी गटाला ठाऊक नव्हती आणि विकणाऱ्यानेही सांगितली नव्हती. 'इमल्सिफाइंग वॅक्स' नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वस्तू मिळतात. ब्रिटिश फार्माकोपियाच्या पद्धतीची असेल तर सीटोस्टिअरिल अल्कोहोलात सोडियम लॉरिल सल्फेट. अमेरिकन पद्धतीची असेल तर पॉलिसॉर्बेट. सीटोमॅक्रोगॉल लिहिलेली असेल तर तिसरीच. तिन्ही पांढऱ्या कण्या, हाताला सारख्याच. गटाच्या जुन्या पिशवीवर फक्त 'ई वॅक्स' एवढंच छापलं होतं. ग्राहकाने विचारायचा प्रश्न 'इमल्सिफायर आहे का' हा नसून 'कोणता आहे' हा आहे, आणि उत्पादकाला त्याचं उत्तर देता आलं पाहिजे. घटकांचं प्रमाणपत्र न देणाऱ्याकडून माल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पॉलिसॉर्बेट आणि 'पेग' नावाने ओळखले जाणारे इमल्सिफायर एथिलीन ऑक्साइडपासून बनतात. बनताना १,४-डायॉक्सेन हे नको असलेलं उपउत्पादन लेशमात्र तयार होतं. चांगला कारखाना ते निर्वाताखाली काढून टाकतो. युरोपच्या ग्राहकसुरक्षा वैज्ञानिक समितीने २०१५ साली प्रसाधनात १० पीपीएमपर्यंतचा (दहा लाखांत दहा भाग) लेश सुरक्षित मानला. भाजलेल्या रुग्णांच्या उघड्या जखमांवर पेगचा आधार असलेलं मलम मोठ्या प्रमाणात लावल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रोजच्या वापराशी त्याची तुलना होत नाही, पण पायाचं क्रीम भेगांत जातं, त्यामुळे रक्त येणाऱ्या भेगेवर ते लावू नये हे मला पटतं.

ट्रायइथेनॉलअमाइनने साबण करून बनवलेली क्रीमं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात नायट्रोसेमाइन ही कर्करोगाची शंका असलेली संयुगं तयार होऊ नयेत म्हणून ते कशाबरोबर घालायचं नाही याचे नियम आहेत आणि धुऊन न टाकायच्या उत्पादनात युरोपात २.५ टक्क्यांची मर्यादा आहे. घरगुती उत्पादकाने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

आणि 'नैसर्गिक' पर्याय? सोयाबीनचं लेसिथिन सौम्य आहे, पण एकटं फार टिकाऊ क्रीम देत नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं, शेकडो वर्षं वापरातलं, तरीही अमेरिकेतल्या संपर्कत्वचारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली त्याला वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक म्हणून निवडलं. साखर आणि वनस्पतिज मेद-अल्कोहोलापासून बनणाऱ्या अल्किल ग्लुकोसाइडांची निवड २०१७ साली झाली होती. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. बहुसंख्य लोकांना ते चालतात. पण वनस्पतीपासून आलं म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, हा हिशेब लागत नाही.

पुढे काय केलं

गटासमोर मी पर्याय मांडत असताना काकींनी मधेच विचारलं, "पण पाणी कित्या व्हया?" सगळ्या गप्प झाल्या. मला तो या प्रकरणातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. इमल्सिफायर पाण्यामुळे लागतो. परिरक्षक पाण्यामुळे लागतं. ग्राहकाला ही दोन्ही खरोखरच नको असतील, तर पाणी काढायला हवं, आणि शेगडीवर ऊन करून लावायच्या त्या गोळ्यात पाणी कधी नव्हतंच.

त्यातून बाम आला. कोकमतेल, खोबरेल आणि मेण, एवढंच. बोटाने निघेल आणि उन्हात वितळून सांडणार नाही इतपत मेणाचं प्रमाण बसवायला वेळ गेला. कोकमतेल सावकाश थिजलं तर रवाळ होतं, म्हणून ओतल्यावर डबे लगेच थंड पाण्याच्या परातीत ठेवायचे, पण परातीचा एक थेंबही आत जाता कामा नये. बामवर 'इमल्सिफायर नाही, पाणी नाही' असं प्रामाणिकपणे छापता येतं.

पण बाम चिकट असतो, मोजे घालणाऱ्यांना आणि हातांसाठी नको वाटतो. त्यासाठी लोशन ठेवलं, आणि त्यात इमल्सिफायर उघडपणे नाव देऊन घातला: सीटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६०. सीटिअरिल अल्कोहोल एकटं फारसं काम करत नाही, पण पॉलिसॉर्बेटबरोबर पाण्यात पातळ पदरांची जाळी उभी करतं, त्यामुळे लोशनला अंग येतं आणि थेंब जागचे हलत नाहीत. पाणी शुद्ध केलेलं, विहिरीचं नाही. तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही भाग वेगवेगळे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवायचे, मगच एकत्र करून घुसळायचं. गरम तेलात गार पाणी ओतलं की चरबी जागच्या जागी थिजते. ४० अंशांच्या खाली आल्यावर परिरक्षक. फिनॉक्सिएथेनॉल युरोपच्या मर्यादेप्रमाणे १ टक्क्याच्या आत. आम्लता (पीएच) ५ ते ५.५ या पट्ट्यात ठेवली, त्वचेलाही ती मानवते. सोडियम बेंझोएटसारखं परिरक्षक जोडीला घ्यायचं तर तेही आम्ल बाजूलाच काम करतं, साबणी क्रीममध्ये ते निरुपयोगी ठरतं. आगळ घातलं नाही. रंगासाठीही नाही.

प्रत्येक घाण्यातून थोडं लोशन बाजूला काढून तीन साध्या चाचण्या करायला गट शिकला. पाणी भरलेल्या स्टीलच्या वाटीत एक थेंब सोडायचा. दुधासारखा पसरला तर बाहेरचा द्रव पाणी आहे, जसा हवा तसा. एक बाटली ४५ अंशांच्या पेटीत ४८ तास. एक फ्रीजरमध्ये रात्रभर आणि दिवसा बाहेर, असं आळीपाळीने. जंतूंची तपासणी घरी होत नाही, ती प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते, आणि तो खर्च किमतीत धरला.

परवान्याचा विषय गटाने टाळत आणला होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्याखाली विक्रीसाठी क्रीम किंवा बाम बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो; घरगुती आहे म्हणून सूट नाही. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेण्याची सोयही नियमांत आहे, आणि छोट्या गटाला तीच परवडते. परवाना हाती येईपर्यंत विक्री बंद ठेवायची असं ठरलं. पावसाळ्याचे महिने त्यातच गेले आणि गटाला ते आर्थिकदृष्ट्या जड गेलं. लेबलावरचं 'भेगा बऱ्या करते' हे वाक्यही काढायला सांगितलं. बरं करण्याचा दावा केला की वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते. आता 'टाचा मऊ ठेवते' असं आहे, आणि खाली 'भेगेतून रक्त येत असल्यास लावू नये'. मधुमेह असलेल्यांनी पायाला काहीही लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ मी आग्रहाने घालायला लावली.

निरोप पाठवणाऱ्या त्या पहिल्या ग्राहक बाईंना वहिनींनी सविस्तर उत्तर लिहिलं: लोशनमध्ये इमल्सिफायर आहे, त्याचं नाव हे, तो का आहे ते असं, आणि तुम्हाला नकोच असेल तर बाम घ्या, त्यात पाणीच नाही. त्यांनी बाम मागवला. लोशनला नाही म्हणाल्या, आणि तो त्यांचा हक्क आहे. लोशन आता रुंद तोंडाच्या डब्यात न भरता पंपाच्या बाटलीत भरतात, म्हणजे ओलं बोट आत जात नाही. उरलेले डबे बामसाठी वापरले.